एक रांग की दोन रांगा? खांद्याची मोठी फाट आणि अँकरचा हिशेब

मावशीचा हात लोकलची कडी धरायला वर जाईना, म्हणून एमआरआय झाला; खांद्यातल्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) मोठी फाट निघाली. मग हातात आली ऑपरेशनची दोन एस्टिमेट्स. एकात दोन अँकर (हाडात रुतवून दोऱ्यांनी कंडरा बांधायच्या छोट्या खुंट्या), दुसऱ्यात चार. प्रत्येक अँकरचे पैसे वेगळे लागतात, त्यामुळे आकड्यांत बराच फरक. गिरगावातल्या तिच्या चाळीत लगेच दोन तट पडले: ‘चार म्हणजे पक्कं काम’ आणि ‘चार म्हणजे लूट’. माझ्या मते दोघांचंही चुकत होतं.

खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंच्या कंडरा वेढून असतात, तोच रोटेटर कफ. बहुतेक वेळा फाटते ती वरची, सुप्रास्पायनेटसची. फाट 3 ते 5 सेंटिमीटर असली की मोठी म्हणतात, त्यापुढे अतिमोठी. शिवायच्या दोन्ही पद्धती, म्हणजे अँकरची एक रांग किंवा दोन रांगा, सहसा दुर्बिणीतूनच होतात, आणि नंतर गळ्यात पट्टाही तसाच असतो. म्हणून लोकांना त्या एकच वाटतात.

पावसाळ्याआधी छपरावर ताडपत्री बांधतो ना, ती डोळ्यांसमोर आणा. एका रांगेच्या पद्धतीत कंडरेची नुसती कड हाडाला बांधलेली असते. पकड आहे, पण टेकण कमी. दोन रांगांत आतले अँकर सांध्याच्या कूर्चेलगत बसतात, त्यांचे दोरे कंडरेवरून आणून बाहेरच्या अँकरमध्ये ताणून अडकवतात. ताडपत्री सपाट दाबून बसते, फडफडत नाही. कंडरेचा जास्त भाग हाडाला टेकतो. लहान फाटीत याने हाताच्या कामात फारसा फरक पडत नाही. मोठ्या फाटीत मात्र दोन रांगांनंतर पुन्हा फाटण्याचं प्रमाण कमी आढळलं आहे.

मग चारच घालावेत की! इथेच गोम आहे. जुनी फाट असेल तर कंडरा आत आखडते, स्नायूत चरबी भरते (रिपोर्टमध्ये ‘गुटालिए’ ग्रेड लिहिलेली असते, ती याचीच). अशी आखूड ताडपत्री ओढून पार टोकापर्यंत नेली तर ती कडेला सुटत नाही, मध्येच फाटते. दोन रांगांचं काम फसतं तेव्हा फाट बऱ्याचदा आतल्या रांगेपाशी पडते, स्नायू आणि कंडरा जुळतात तिथे. पुन्हा शिवायला मग फार कापड उरत नाही. एका रांगेतली सुटते ती सहसा हाडापासून, म्हणून दुसऱ्यांदा हात घालणं त्यामानाने सोपं. कंडरा सहज पोचत नसेल तर ती थोडी आतच, एका रांगेत, ताण न देता बसवलेली बरी.

त्यामुळे सर्जनला ‘किती अँकर?’ असं विचारण्यात अर्थ नाही. ‘कंडरा जागेवर येईल का?’ हे विचारायचं. मावशीने विचारलं. ‘दुर्बीण आत गेल्यावर, कंडरा ओढून बघितल्यावर सांगतो,’ एवढंच उत्तर मिळालं.

लागले तीन. आत दोन, बाहेर एक. चाळीतले दोन्ही तट नाराज.