पाठ प्रार्थना आणि मनातली प्रार्थना (इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म)

पाठ प्रार्थना म्हणजे जिचे शब्द आधीच ठरलेत आणि आपण ते तोंडपाठ म्हणतो ती. मनातली प्रार्थना म्हणजे त्या वेळी जे सुचेल, जे दुखत असेल ते आपल्याच शब्दात देवापुढे मांडणं. बऱ्याच जणांना वाटतं की मुसलमान पाठ म्हणतात आणि ख्रिश्चन मनापासून बोलतात, पण हे अर्धवट आहे, दोन्ही धर्मांत दोन्ही प्रकार पहिल्यापासून आहेत. फरक आहे तो मांडणीत. इस्लामने दोघांना वेगवेगळी कामं वाटून दिली, आणि ख्रिस्ती लोक मात्र यावरून आपसातच इतके भांडले की पंथ वेगळे झाले, काही जण तर तुरुंगात गेले.

इस्लाममध्ये नमाज (ठरलेली उपासना) आणि दुआ (आपलं मागणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. नमाज दिवसातून पाच वेळा, फजर, जुहर, असर, मगरीब, इशा, त्यात फर्ज म्हणजे सक्तीच्या रकात (उभं राहणं, वाकणं, डोकं टेकणं यांचं एक आवर्तन) एकूण १७, आणि प्रत्येक रकातीत सात आयतींची म्हणजे ओळींची सूरह फातिहा, कुराणाचा पहिला अध्याय, अरबीतच. दुआ मात्र कधीही, कुठेही, मराठीत मागा, उर्दूत मागा, काही न बोलता नुसते हात उचलून रडलात तरी चालतं. म्हणजे मुसलमान माणसाला मनातलं बोलायला जागा नाही हा आरोप टिकत नाही. नमाजच्या आतसुद्धा सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, भरपूर दुआ मागा, कारण बंदा तेव्हा रबच्या, म्हणजे देवाच्या सगळ्यात जवळ असतो, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. फक्त तिथे आपल्या भाषेत मागावी का यावर फकीह लोकांचं, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडितांचं एकमत नाही.

आता खरा प्रश्न, अर्थ कळत नसताना किंवा मन दुसरीकडे असताना पढलेली नमाज होते का? कुराणातच सूरह माऊनमध्ये आपल्या नमाजबद्दल गाफील असणाऱ्या नमाजींना इशारा दिलाय, आणि सूरह निसात म्हटलंय की नशेत असाल तर आपण काय बोलतोय हे कळेपर्यंत नमाजजवळ जाऊ नका. पण फिकह, म्हणजे या पंडितांचं शास्त्र, हे शेवटी कायद्याचं शास्त्र, ते बाहेरून दिसणारं मोजतं. किती रकात झाल्या हे विसरलात तर शेवटी दोन जादा सजदे करायचे, त्याला सजदा सहव म्हणतात. मन मात्र सगळा वेळ दुकानात असेल तर त्याला असा कुठलाच जादा सजदा नाही! मोठे धर्मपंडित इमाम गझालींनी (मृत्यू ११११) नेमकं यावरच बोट ठेवलं, त्यांचं म्हणणं असं की फकीह लोकांनी निदान सुरुवातीच्या तकबीरला (‘अल्लाहु अकबर’ म्हणताना) मन हजर असलं की नमाज झाली म्हटलं, ते सामान्य माणसाला झेपावं म्हणून, पण दिल हजर नसेल तर नमाजचा जीवच गेला. शब्द बदला असं मात्र गझाली कुठेच म्हणत नाहीत, शब्द तेच ठेवा आणि मन तिथे आणा, बस.

भाषा बदलायचे प्रयत्नही झाले. हनफी या कायदेपरंपरेचे मूळ पुरुष इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांनी नमाजमध्ये फारसीत पठण करायला मुभा दिली होती असं सांगतात, त्यांच्या दोन मोठ्या शिष्यांनी ती ज्याला अरबी जमतच नाही त्याच्यापुरती ठेवली, आणि स्वतः इमामही नंतर त्याच मताला आले असं हनफी परंपरा मानते. तुर्कस्तानात १९३२ पासून अजान तुर्कीत द्यायला लावली, १९४१ मध्ये अरबी अजानला शिक्षा ठेवली, आणि जून १९५० मध्ये सरकार बदलल्या बदलल्या बंदी उठली तशी लोक लगेच अरबीकडे परतले. सरकारी हुकमाने मनापासूनपणा आणायला गेलं की असंच होणार. आपल्याकडे पठणाच्या तपशिलात मजेशीर फरक दिसतो, कोकणी मुसलमान बहुतेक शाफई या दुसऱ्या कायदेपरंपरेचे, ते नमाज पढवणाऱ्या इमामच्या मागे उभे असले तरी फातिहा स्वतः पढतात आणि फजरला दुआ-ए-कुनूत ही ठराविक दुआ म्हणतात, घाटावरचे बहुतेक हनफी, ते इमामच्या मागे गप्प राहतात आणि कुनूत रात्रीच्या वित्र नावाच्या नमाजमध्ये म्हणतात.

ख्रिस्ती बाजूला वाद थेट बायबलपासून सुरू होतो. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, उगाच बडबड करू नका, आणि दोनच ओळींनंतर स्वतःच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना शिकवतो. मग हे पाठ करायचे शब्द की फक्त नमुना? लूकमध्ये हीच प्रार्थना जरा आखूड आहे, त्यामुळे नमुनावाल्यांना मुद्दा मिळतो. पण दिदाखे नावाच्या अगदी जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत ती दिवसातून तीनदा म्हणा असं आहे, म्हणजे पाठ म्हणणंही तितकंच जुनं.

भांडण पेटलं ते इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये. १५४९ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने छापील प्रार्थना पुस्तक आणलं. १६३७ मध्ये तसलंच पुस्तक एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये वाचायला घेतलं तर तिथे दंगल झाली, लोकांनी स्टुलं फेकली. १६६२ च्या कायद्याने पुस्तक सक्तीचं झालं आणि सुमारे २००० पाद्र्यांची जागा गेली. प्रवचनकार जॉन बनयन १६६० पासून जवळजवळ बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात होता, मुख्य कारण परवानगीशिवाय प्रवचन, पण कोर्टात न्यायाधीशाशी त्याची खडाजंगी झाली ती याच पुस्तकावरून. त्याचं म्हणणं, दुसऱ्या माणसांनी रचलेले शब्द म्हणजे प्रार्थना नाही, पवित्र आत्मा आतून बोलवतो ती प्रार्थना. क्वेकर नावाचा पंथ तर त्याच्याही पुढे गेला, ते नुसते शांत बसतात आणि कोणाला आतून वाटलं तरच बोलतात.

या प्रवाहातलं एक मोठं प्रकरण आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं आहे. १९०५ च्या जूनअखेरीस पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, मुली एकाच वेळी मोठमोठ्याने आपापली प्रार्थना करू लागल्या, रडणं, पापांची कबुली, अनोळखी भाषेत बोलणं, सगळं. पेंटेकोस्टल पंथाची (पवित्र आत्म्याच्या संचारावर भर देणारा पंथ) सुरुवात जिथे धरतात त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या जागृतीच्या आधीची ही गोष्ट. आणि रमाबाई कोण, तर लहानपणी भागवताचे १८,००० श्लोक पाठ केलेली, गावोगाव पुराण सांगत फिरलेली बाई. पाठांतराची ताकद तिच्याएवढी कोणाला माहीत असणार, तरी तिने बायबलचं मराठी भाषांतर मुद्दाम साध्या बायकांना समजेल अशा बोलीत केलं.

मोकळ्या प्रार्थनेचंही हळूहळू पाठांतर होतंच, हे तिचे समर्थक सहसा बोलत नाहीत. कुठल्याही मराठी पेंटेकोस्टल सभेत जा, ‘प्रभू तुझे आभार, तुझी स्तुती होवो’ पासून ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ पर्यंत सगळं इतकं ठरलेलं की पुढचं वाक्य आपणच सांगू शकतो. कॅथलिक लोक निदान उघडपणे सांगतात की आम्ही पाठ म्हणतो. जपमाळेत (दहा-दहा मण्यांचे पाच गट आणि सुरुवातीचे तीन मणी) ‘नमो मारिया’ ही मरियेची प्रार्थना ५३ वेळा येते, आणि त्यांच्या मते ओठ सवयीने चालू राहतात म्हणूनच मन येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर थांबतं. ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाचे साधू एकच छोटी येशू-प्रार्थना श्वासाबरोबर हजारो वेळा म्हणतात, तिथे तर पाठ म्हणणं हाच हृदयात उतरायचा रस्ता. गोव्यात क्रॉसपुढे लादीन (सामूहिक विनवणीची प्रार्थना) लॅटिनमध्ये गातात, अर्थ फार थोड्यांना कळतो, पण गाताना डोळ्यात पाणी येणारी म्हातारी माणसं असतात, त्यांना तुमची प्रार्थना मनापासून नाही हे कोण सांगणार.

दोन्ही प्रकार एकाच विधीत बसवल्याची उदाहरणंही आहेत. लग्न, नोकरी, जागा असा निर्णय असेल तर मुसलमान इस्तिखारा करतात, दोन रकात नफल म्हणजे ऐच्छिक नमाज आणि मग पैगंबरांनी शिकवलेली ठराविक अरबी दुआ, तिच्यात ‘हे काम’ असे शब्द येतात तिथे आपण आपलं काम मनात आणायचं. कॅथलिक मिसात, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांची परिषद, १९६२-६५) लोकभाषा आली, आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनाही परत आल्या. वसईच्या चर्चमध्ये त्यात कोणी आजाऱ्यांसाठी मागतं, कोणी पावसासाठी, मागणं दर रविवारी नवीन असतं, आणि त्यावर सगळ्यांचं उत्तर मात्र एकच ठरलेलं.