नांगर न लावता डोंगरावरचं कुरण बदलायचं तर

वेल्सचे डोंगर फोटोत कसे हिरवेगार दिसतात ना, पण हिवाळ्यात तेच उतार पांढरट पिवळे पडतात, कारण वर बऱ्याच ठिकाणी नार्डस नावाचं राठ गवत माजलेलं असतं. मेंढ्या त्याला नाखूषच असतात. एखादीने तोंड घातलंच तर काडी मुळापासून उपटून येते आणि ती तिथेच टाकून देते, त्यामुळे अशा उतारावर उपटलेल्या काड्या पांढऱ्या होऊन पडलेल्या दिसतात. मेंढी आजूबाजूचं कोवळं गवत खाऊन टाकते, नार्डसला मोकळं रान मिळतं आणि दरवर्षी तेच वाढत जातं.

मग हे काढून रायगवत (चाऱ्याचं चांगलं गवत) आणि पांढरा क्लोव्हर (आपल्या बरसीमचा भाऊबंद) लावायचा तर नांगरायचं कसं? चढ उभा, खाली दगड, वरची काळी माती जेमतेम वीतभर, ती उलटली की पावसाने खाली. म्हणून 1950-60 च्या दशकात शास्त्रज्ञांनी तणनाशकालाच नांगर करून बघितलं. आधी डॅलॅपॉन, जे मुख्यतः गवतवर्गावर चालतं, मग 1962 ला बाजारात आलेलं पॅराक्वाट, म्हणजे आपल्याकडचं ग्रामोक्झोन. पानातल्या प्रकाशसंश्लेषणाचे इलेक्ट्रॉन मधेच पळवून ते पेशी जाळतं आणि मातीच्या चिकण कणांना लागलं की तिथेच घट्ट अडकतं, त्यामुळे पुढच्या पेरणीला फार थांबावं लागत नाही. (माणसाच्या पोटात गेलं तर मात्र उतारा नाही, युरोपियन युनियनमध्ये 2007 पासून बंद आहे.) पण ते वरवर जाळतं, चिवट गवत बुडख्यातून परत फुटतं. 1974 ला ग्लायफोसेट आलं, ते पानातून मुळापर्यंत उतरतं, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली.

आता गंमत बघा, जुनं वाळकं गवत उभं असताना फवारलं तर औषध त्या मेलेल्या पानांवरच बसतं, फुकट जातं. म्हणून आधी गुरं सोडून चारून घ्यायचं, मग नवीन हिरवी फूट येऊ द्यायची, आणि मग फवारा. म्हणजे ज्याला मारायचंय त्याला आधी जरा वाढू द्यायचं!

माझ्या मते मारणं हा यातला सोपा भाग, खरी डोकेदुखी त्यानंतर. थंड, ओल्या, आंबट म्हणजे आम्लधर्मी मातीत गांडुळं जवळजवळ नसतात, जिवाणू संथ, त्यामुळे वर्षानुवर्षांचं पाचट कुजतच नाही, त्याची गादी होते. क्लोव्हरचं बी इतकं बारीक की किलोत साधारण पंधरा लाख दाणे बसतात. असा दाणा गादीवर पडतो, दवाने भिजून रुजतो, मूळ खाली सोडतो आणि माती लागायच्या आतच दोन दिवस कोरडा वारा सुटतो की खेळ खल्लास. वर ओलं पाचट कुजताना जी आम्लं सुटतात ती कोवळ्या मुळांना सोसत नाहीत, गोगलगाई वेगळ्याच. म्हणून बरेच जण उन्हाळ्याच्या शेवटी फवारून हिवाळाभर कुजू देतात आणि वसंतात पेरतात, पेरल्यावर मेंढ्यांचा कळप दाटीने आत सोडायचा, खुरांनी बी दाबलं जातं, रोलर नको आणि काही नको.

तरी एवढ्याने भागत नाही हां. मातीचा सामू (pH) साडेचारच्या आसपास असेल तर चुना टाकून तो साडेपाचच्या पुढे न्यावा लागतो, स्फुरद (फॉस्फरस) द्यावं लागतं, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत जुनं गवत परत हजर. आणि क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींत राहून त्याला हवेतलं नत्र (नायट्रोजन) मिळवून देणारे रायझोबियम जिवाणू अशा आंबट मातीत बहुतेक नसतातच किंवा कामाचे नसतात, म्हणून बियाण्याला चोळून द्यायचे, आपण सोयाबीनला पाकिटातलं कल्चर गुळाच्या पाण्यात कालवून लावतो अगदी तसं. हे विसरलं तर रोप उगवतं पण पिवळं पडून खुरटतं, शेजारच्या रायगवतालाही मग नत्र मिळत नाही.

जमलं की नाही हे बघायला काही महिन्यांनी एक रोप हळूच मातीसकट उपटायचं, मुळावरची बारीक गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी दिसली तर नत्राचं काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.