फॉन्डंटला घाम का फुटतो?

नाशिकमध्ये घरगुती केकच्या ऑर्डरी वाढल्या तसे फॉन्डंटचे, म्हणजे केकवर चढवायच्या साखरेच्या मऊ आवरणाचे, क्लासही गल्लोगल्ली निघाले. तिथे शिकलेल्यांची एक तक्रार पावसाळ्यात हमखास कानावर येते : "रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, तरी फॉन्डंट वितळला!" मग दोष दुकानदाराच्या मालाला नाहीतर कुणाच्या तरी नजरेला. बिचाऱ्या नजरेचा इथे काहीच संबंध नाही.

मुळात तो वितळलेलाच नसतो. फॉन्डंटमधली जिलेटिनची जाळी सैल पडायला ३५ अंशांच्या आसपासची ऊब लागते. ऑगस्टमध्ये आपल्याकडे घरात एवढं तापतच नाही. फॉन्डंट भिजलेला असतो, आणि ते पाणी फ्रिजमुळेच आलेलं असतं.

२५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. ५ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. पावसाळी दिवशी आर्द्रता ८० टक्के धरली, तर खोलीतल्या हवेत सुमारे १८ ग्रॅम वाफ असते. फ्रिजमधून काढलेल्या केकला टेकताच ही हवा गार होते आणि जास्तीची वाफ तिथेच पाणी होऊन बसते. केकवरच्या फॉन्डंटच्या गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा नीट पाहा : आधी चकाकी येते, मग बारीक थेंब धरतात, आणि लाल रंग पांढऱ्या पृष्ठभागावर ओघळू लागतो.

स्टीलच्या गार तांब्यावरही असंच पाणी सुटतं, पण ते थोड्या वेळात वाळतं. फॉन्डंट मात्र चिकटच राहतो. खरी गंमत इथे आहे. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, म्हणून थेंब पडताच त्याचा संपृक्त, म्हणजे आणखी साखर विरघळणार नाही असा, पाक होतो. पाकातल्या पाण्याच्या रेणूंना हवेत निसटणं अवघड जातं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ राउल्ट यांच्या नियमाप्रमाणे रेणू मोजले, तर अशा पाकावरचा बाष्पदाब (त्यातून निसटणाऱ्या वाफेचा दाब) शुद्ध पाण्याच्या ९० टक्के यायला हवा. प्रत्यक्षात तो ८५ टक्क्यांच्या आसपास भरतो. कारण सुक्रोजच्या प्रत्येक रेणूवर ८ हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि ते हायड्रोजन बंधांनी पाण्याला धरून ठेवतात. याचा अर्थ, हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की नुसता साखरेचा पाकही वाळायचा सोडून हवेतलं पाणी ओढू लागतो. फॉन्डंटमध्ये तर लिक्विड ग्लुकोज आणि ग्लिसरीनही असतं, त्यामुळे ही मर्यादा आणखी बरीच खाली येते.

मग ते दोन्ही घालतातच कशाला? ग्लुकोजमुळे साखरेचे खडे धरत नाहीत. पाकात लिंबू पिळण्यामागेही हाच हेतू असतो. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, म्हणून ३-४ मिलिमीटर जाडीचा फॉन्डंट केकच्या कडेवरून वळवताना त्याला चिरा पडत नाहीत. ज्या गुणामुळे तो लवचिक राहतो, त्याच गुणामुळे तो पावसाळ्यात पाझरतो. "केमिकल-फ्री, कधीच न पाझरणारा" अशी जाहिरात करणाऱ्यांना एवढंच विचारावं, की साखर हे रसायन नाही का?

उपाय साधा आहे. सजवलेला केक पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून, खोकं नीट बंद करूनच फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ते उघडू नका. मोठ्या केकला दोन-तीन तास सहज लागतात. तेवढ्या वेळात बरंचसं पाणी खोक्याच्या बाहेरच्या अंगाला धरतं. तरीही ओल आलीच तर पुसू नका, बोटाचे ठसे कायमचे उमटतात. पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत ठेवा.

आणि आतल्या थराकडेही बघा. व्हिप्ड क्रीममध्ये पाणी भरपूर असतं, ते फॉन्डंटला खालून भिजवतं. चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट गनाश लावलं तर खालून येणारा ओलावा कमी होतो, आणि शिवाय असा केक काही तास फ्रिजबाहेरही राहू शकतो.