पिशवी काढायची की ठेवायची, हा प्रश्न आला कुठून

आपल्याकडे 'तिची पिशवी काढली' हे वाक्य इतकं सहज बोललं जातं, की बोलणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही त्याचं काही वाटत नाही. बहुतेक वेळा बोलणं चाळीस-पंचेचाळीसच्या, मुलंबाळं झालेल्या बाईबद्दल असतं म्हणून ते खपून जातं. माझ्या मावसबहिणीला मागच्या वर्षी हेच ऐकावं लागलं तेव्हा ती ३१ वर्षांची होती, डोंबिवलीहून रोज दादरला नोकरीला येणारी, पीसीओएसमुळे (हार्मोन बिघडून बीज वेळेवर तयार न होण्याचा त्रास) पाळी दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की पंधरा दिवस थांबायची नाही, शेवटी क्युरेटिंग केलं, म्हणजे पिशवीचं अस्तर खरवडून तपासायला दिलं, आणि रिपोर्टमध्ये आलं एंडोमेट्रियल कॅन्सर, म्हणजे त्या अस्तराचाच कॅन्सर, ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य प्रकारचा. पहिल्या डॉक्टरांनी थेट ऑपरेशनची तारीख दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, मूल हवंय का? हवं असेल तर पिशवी ठेवून आधी हार्मोनच्या गोळ्या देऊन बघता येतील. तेव्हापासून मी वाचत सुटले, की हा प्रश्न विचारता येईल इथपर्यंत डॉक्टरमंडळी पोचली कशी.

मुळात हा आजार पाळी गेलेल्या बायकांचा समजला जातो आणि ते बरोबरच आहे, चाळिशीच्या आतल्या साधारण शंभरात चार-पाचच असतात. त्यातल्या बऱ्याच जणींची गोष्ट एकसारखी असते. इस्ट्रोजेन पिशवीचं आतलं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं आणि मग पाळीत ते अस्तर पडून जातं. बीजच तयार होत नसेल तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि अस्तर नुसतं वाढत राहतं, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. वजन जास्त असेल तर चरबीतूनही इस्ट्रोजेन तयार होतं. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी ज्याचं वर्णन केलं तोच आजचा पीसीओएस, जो आता आपल्याकडे प्रत्येक इमारतीत एखादीला तरी असतोच, आणि ज्याला आपण 'पाळी पुढेमागे होते, लग्नानंतर होईल नीट' म्हणून सोडून देतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट. पिशवी वाचवणाऱ्या गोळ्या पिशवी वाचवायला आल्याच नव्हत्या. १९६१ मध्ये रिटा केली आणि विल्यम बेकर यांनी अमेरिकेत २१ बायकांवरचा अनुभव छापला, या सगळ्या कॅन्सर शरीरात पसरलेल्या बायका, ज्यांच्यासाठी दुसरं काही उरलं नव्हतं, त्यांना प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं दिली आणि साधारण तिघींमागे एकीची गाठ कमी झाली. म्हणजे हा शेवटचा उपाय होता. तोच पुढे सुरुवातीच्या स्टेजच्या तरुण मुलींसाठी पहिला उपाय होऊ शकेल हे पटायला अजून तीसेक वर्षं गेली.

मधल्या काळात पाया घातला तो एका कॅन्सरतज्ज्ञाने आणि पॅथॉलॉजिस्टनी, म्हणजे पेशी तपासणाऱ्या डॉक्टरांनी, आणि त्यांचं श्रेय कुणी फारसं देत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. १९८३ मध्ये लेनिनग्राडचे कॅन्सरतज्ज्ञ बोखमन यांनी मांडलं की हा कॅन्सर एक नाही, दोन जातींचा आहे, एक इस्ट्रोजेनवर पोसलेला आणि संथ, दुसरा हार्मोनशी संबंध नसलेला आणि आक्रमक. १९८५ मध्ये पॅथॉलॉजिस्ट कर्मन आणि सहकाऱ्यांनी १७० बायकांच्या जुन्या स्लाइड्स परत बघितल्या आणि पुढे त्यांचं काय झालं ते तपासलं, तर अस्तराची साधी वाढ असलेल्यांत पुढे कॅन्सर झाला फक्त १ टक्क्यात, आणि पेशी बिघडलेल्या गुंतागुंतीच्या वाढीत २९ टक्क्यांत. म्हणजे पेशी कशा दिसतात यावर सगळं अवलंबून. म्हणूनच आजही टाटाला दाखवायला गेलं की बाहेरच्या रिपोर्टवर भागत नाही, स्लाइड आणि ब्लॉक (काढलेला तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात तो) घेऊन या म्हणतात. माझी मावशी तेव्हा वैतागली होती, पण तो हेलपाटा फुकट नसतो, पिशवी ठेवायची की नाही ते त्या काचेवरच ठरतं.

१९९७ मध्ये रँडल आणि कर्मन यांनी चाळिशीच्या आतल्या मुलींचे निकाल छापले, कॅन्सर असलेल्या १२ पैकी ९ जणींमध्ये याच प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाने तो गेला. आकडा छोटा होता, पण दार उघडलं. २००७ मध्ये जपानमध्ये अनेक हॉस्पिटल्सनी मिळून, आधी आखून केलेला अभ्यास आला, रोज ६०० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (तेच, प्रोजेस्टेरॉनसारखं औषध), त्यात कॅन्सरच्या २८ जणींपैकी निम्म्याहून थोड्या जास्त पूर्ण बऱ्या झाल्या, कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेतल्या मुली धरून १२ गर्भधारणा आणि ७ बाळं. पण बऱ्या झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आजार परत आला. २०१२ मध्ये ३४ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही चित्र तसंच, ७६ टक्क्यांत आजार मागे हटला, ४० टक्क्यांत उलटला, आणि २८ टक्के जणींना मूल झालं. हे तिन्ही आकडे एकत्रच सांगायला हवेत असं मला मनापासून वाटतं, नुसता पहिला सांगणं म्हणजे त्या मुलीची फसवणूक आहे. या औषधाने मुदत मिळते.

म्हणूनच अटी कडक आहेत. ग्रेड १ असायला हवा, एमआरआयमध्ये स्नायूत शिरलेला नसावा, बाहेर कुठे पसरलेला नसावा, दर तीन महिन्यांनी वगैरे परत अस्तर काढून तपासायचं. गोळ्यांच्या जोडीला किंवा ऐवजी हार्मोनवाली तांबी आली, जी फिनलंडमध्ये १९९० मध्ये बाजारात आली ती खरं तर गर्भनिरोधक म्हणून, आणि आता मूल हवं असणाऱ्या मुलींना हीच बसवतात. २०१३ मध्ये जनुकांवरून या कॅन्सरचे चार गट पाडले गेले, त्यामुळे कुणाला हा धोका पत्करता येईल आणि कुणाला नाही हे आता जास्त नीट सांगता येतं. घरात आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर कमी वयात झालेला असेल तर तेही सांगायचं, लपवायचं नाही.

आपल्या परळचंही यात एक पान आहे. टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं, आणि तिथून चालत काही मिनिटांवर केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब, बाळ जन्माला आलं. कॅन्सर आणि मूल, दोन्हीची कामं एकाच वस्तीत चालू होती, पण एकाच बाईच्या फाइलमध्ये ती दोन्ही येतील असं त्या काळात कुणाच्या फारसं मनात आलं नसावं. आज तर रिपोर्ट क्लिअर आला की लगेच वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे पाठवतात, नुसतं नशिबावर सोडून वर्ष घालवत नाहीत, कारण मधल्या काळात अस्तर परत वाढू शकतं. आणि मुलं झाल्यावर बहुतेक ठिकाणी पिशवी काढायचाच सल्ला देतात.

बहिणीला हे सगळं माहीत आहे, डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच समोर बसवून सांगितलं. तिचे दोन रिपोर्ट झाले, पहिल्यात आजार थोडा उरलेला होता, दुसरा क्लिअर आला. तिसरा दिवाळीनंतर आहे.