चळत की रांग? वाक्यरचनेच्या गणिताची पार्श्वभूमी

‘मला आईनं बाबांना ताप आल्याचं सांगितल्याचं आठवतं.’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. त्यातल्या जोड्या लावून पाहा. ‘बाबांना ताप’ची जोडी ‘आल्याचं’शी, ‘आईनं’ची ‘सांगितल्याचं’शी आणि सगळ्यात आधी आलेल्या ‘मला’ची अगदी शेवटच्या ‘आठवतं’शी. ताटांच्या चळतीसारखं: शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं.

1956 साली अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी इंग्रजीतल्या अशाच एकात एक रचनांवर बोट ठेवलं. मोजक्या अवस्थांचं यंत्र, म्हणजे फायनाइट ऑटोमॅटन, इथे कमी पडतं; किती जोड्या अजून उघड्या आहेत हे लक्षात ठेवायला त्याच्याकडे जागाच नसते. त्याला चळत जोडली की संदर्भमुक्त व्याकरणापर्यंत, म्हणजे आजूबाजूला काय आहे ते न बघता एका घटकाच्या जागी त्याचे भाग मांडणाऱ्या नियमांपर्यंत, मजल जाते. माणसाच्या भाषेला तेवढं पुरतं का? पुरत नाही, असे युक्तिवाद पुष्कळ झाले. 1982 मध्ये जेफ्री पुलम आणि जेराल्ड गॅझ्डर या भाषाशास्त्रज्ञांनी ते एकेक करून तपासले आणि फेटाळले.

पुरत नाही याचा पक्का पुरावा मिळाला तो स्वित्झर्लंडमधल्या जर्मन बोलीत. 1985 मध्ये संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट शीबर यांनी तो नीट मांडला. ‘आम्ही हान्सला घर रंगवायला मदत केली’ या अर्थाच्या उपवाक्यात तिथे क्रम येतो तो असा: हान्सला, घर, मदत केली, रंगवायला. पहिल्या नामाचं पहिलं क्रियापद, दुसऱ्याचं दुसरं. विभक्ती चुकली तर वाक्यच मोडतं. ही चळत नव्हे, रांग आहे. आणि अशी रांग संदर्भमुक्त व्याकरणाच्या आवाक्याबाहेरची.

मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो अरविंद जोशींचा. 1929 साली पुण्यात जन्मलेले, पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकून पेनसिल्वेनिया विद्यापीठात गेलेले जोशी 1958-59 मध्येच तिथले भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पात युनिव्हॅक संगणकाकडून इंग्रजी वाक्यांचं पृथक्करण करून घेत होते. 1975 मध्ये लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासह त्यांनी वृक्षांचं व्याकरण मांडलं. लहान लहान वाक्यवृक्ष, म्हणजे वाक्याची रचना फांद्यांसारखी दाखवणाऱ्या आकृत्या, घ्यायचे. एखादा मधेच कापून तिथे दुसरा बसवायचा आणि कापलेला खालचा भाग नव्याच्या पायाशी जोडायचा, जणू कलमच. या एका क्रियेनं, थोडी बंधनं घातली की, रांगही साधते आणि व्याकरणाची ताकद, म्हणजे त्याला घडवता येणाऱ्या रचनांचा आवाका, बेसुमार वाढत नाही. 1985 मध्ये जोशींनी म्हटलं की भाषेला संदर्भमुक्ततेच्या पलीकडे जावं लागतं, पण किंचितच.

पुढे 1994 मध्ये विजय-शंकर आणि डेव्हिड वीअर यांनी सिद्ध केलं, की वेगवेगळ्या हेतूंनी घडवलेली आणखी तीन व्याकरणं ताकदीला नेमकी जोशींच्या वृक्षांएवढीच भरतात.