व्हॉल्व्ह ॲम्प, डिस्टॉर्शन पेडल आणि २२ मिलिसेकंदांची भानगड

सांगली-मिरजेत हल्ली गिटारवाली पोरं वाढलीत, आणि त्यातल्या काही हौशी लोकांनी पुण्या-मुंबईहून सेकंडहँड व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचे, ॲम्प पण उचलून आणलेत. या मंडळींच्या डोक्यात एक समज पक्का बसलाय. ॲम्प व्हॉल्व्हचा, पेडल (गिटार आणि ॲम्पच्या मधे पायाशी ठेवायचं, आवाज फाडणारं डबडं) महागाचं, दोन्हीचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं बटण, फुल पिळला की विषय संपला. मग पिळतात. आणि मग खालची जाड तार वाजवली की नुसतं भसाभसा काहीतरी बाहेर येतं, सूर कुठला ते कळत नाही, कॉर्ड मारला तर गोंधळच गोंधळ, आणि हात थांबवला की आवाज विझण्याऐवजी फुर्रफुर्र करत तुटतो. मग दोष पेडलचा ठरतो, ते विकून दुसरं घेतात, ते तिसऱ्याला विकतात, असं एकच पेडल सांगलीभर फिरत राहतं. पेडलचा काही दोष नसतो हो. ॲम्पच्या आत एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विजेचा चार्ज साठवणारा भाग, असतो, सगळी भानगड तिथं आहे, आणि मला आज त्याच्याबद्दलच लिहायचंय.

आधी डिस्टॉर्शन म्हणजे काय ते उरकून घेऊ. पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबक-कॉइलमधून, येणारा सिग्नल इवलासा असतो, साधारण ०.१ व्होल्टच्या घरातला, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल आणि जोरात मारलं तर क्षणभर १ व्होल्टपर्यंत जातो. ॲम्प तो मोठा करतो, पण कुठलंही सर्किट स्वतःला मिळणाऱ्या सप्लायपेक्षा मोठी लाट देऊ शकत नाही, त्यामुळं एका मर्यादेनंतर लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. अशी कापलेली लाट म्हणजे मूळ सूर अधिक त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट फ्रिक्वेन्सीचे सूर, ज्यांना आपण हार्मोनिक म्हणतो. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला एका रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरचा ट्रान्सफॉर्मर बिघडून आवाज फाटला, तो लोकांना आवडला, तर ग्लेन स्नॉडी नावाच्या साउंड इंजिनिअरनं तोच बिघाड ट्रान्झिस्टरनं मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं. पेडलांचा धंदा तिथून सुरू झाला.

आता हार्मोनिक वाढवून आवाज भरीव करायची कला मिरजेच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची घोडी कानशीनं जराशी घासायची, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायची, असं जवारीचं काम चालतं ते याचसाठी. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालं.) सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच तंबोरा आणि वीणेच्या घोडीबद्दल लिहून ठेवलंय, की त्या पसरट घोडीमुळं एरवीच्या नियमानं गायब असायला हवे होते ते हार्मोनिकसुद्धा ऐकू येतात. पण जवारीत आणि गिटारच्या डिस्टॉर्शनमध्ये एक मोठा फरक आहे. तंबोऱ्याची प्रत्येक तार घोडीवर स्वतंत्र घासते, चारही तारांचे हार्मोनिक आपापले. गिटारचं डिस्टॉर्शन मात्र सहाही तारांची बेरीज एकाच दारातून ढकलतं, आणि तिथं सूर एकमेकांत गुणले जातात, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींची बेरीज आणि वजाबाकी असे नवेच सूर जन्माला येतात. जाड तारेचा ई, ८२.४ हर्ट्झ, आणि त्याचा पंचम बी, १२३.५ हर्ट्झ, एकत्र वाजवले तर वजाबाकी येते ४१.१, म्हणजे जवळजवळ त्याच ईच्या खालच्या सप्तकातला ई, आणि म्हणूनच नुसत्या षड्ज-पंचमाचा पॉवर कॉर्ड एवढा दणदणीत लागतो. तेच तिथं गंधार घातला की गडबड, कारण गिटारच्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार हार्मोनियमसारखाच थोडा चढा असतो, वजाबाकीचे सूर कुठल्याच सुरात बसत नाहीत आणि सगळं घुसळून निघतं. किराणा घराण्याच्या लोकांना हार्मोनियमचा गंधार का खटकतो ते एकदा डिस्टॉर्शन लावून मेजर कॉर्ड वाजवलात की कळेल.

तर आता व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत असायचे तेच हे, ईएल८४ नावाचा व्हॉल्व्ह घरच्या रेडिओतही असायचा आणि व्हॉक्सच्या ॲम्पमध्येही असतो, आणि आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंसुद्धा एकेकाळी व्हॉल्व्ह बनवलेत. काचेच्या आत हवा काढून टाकलेली, मधोमध तापलेला कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात, बाहेरच्या प्लेटला दोन-अडीचशे व्होल्ट दिलेले असतात म्हणून ते तिकडं धावतात, आणि वाटेत बारीक तारेची जाळी, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिड कॅथोडपेक्षा थोडी ऋण ठेवलेली असते, त्यामुळं इलेक्ट्रॉनांना ती आवर घालते. गिटारचा सिग्नल ग्रिडवर दिला की हा आवर कमीजास्त होतो, आणि प्लेटवर तीच लाट मोठी होऊन मिळते. गिटार ॲम्पमध्ये सगळीकडं सापडणारा १२एएक्स७ घ्या, त्याची ग्रिड साधारण दीड व्होल्ट ऋण असते आणि एक टप्पा सिग्नल ५०-६० पट करतो. म्हणजे ०.२ व्होल्टचे लगेच १२ व्होल्ट.

आता हे दीड व्होल्ट लक्षात ठेवा. सिग्नल दीड व्होल्टच्या वर गेला की ग्रिड कॅथोडपेक्षा धन होते, आणि मग ती आवर घालायचं सोडून स्वतःच इलेक्ट्रॉन ओढायला लागते. म्हणजे ग्रिड आणि कॅथोड मिळून चक्क एक डायोड, करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा दरवाजा, तयार होतो. आणि या ग्रिडच्या मागंच तो कपॅसिटर बसलेला असतो, आधीच्या टप्प्याचे दोन-अडीचशे डीसी व्होल्ट पुढं येऊ नयेत म्हणून. डायोड चालू झाला की कपॅसिटर पटकन भरतो, कारण त्या क्षणी वाट मोकळी असते. पण रिकामा कुठून होणार? लाट खाली आली की डायोड बंद. मग एकच वाट उरते, ग्रिडपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर, आणि तो असतो १ मेगाओहमचा, म्हणजे दहा लाख ओहम. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गुणिले दहा लाख ओहम, उत्तर ०.०२२ सेकंद, २२ मिलिसेकंद. जाड ई तारेची एक लाट किती वेळाची? ८२.४ हर्ट्झ म्हणजे १२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात कपॅसिटर जेमतेम ४० टक्के रिकामा होतो की पुढची लाट येऊन त्याला परत भरते. साखर कारखान्याच्या गव्हाणीवर पहिली उसाची ट्रॉली उतरायच्या आत मागं दुसरी लागते, तिच्यामागं तिसरी, आणि रांग पार हायवेपर्यंत जाते, तसंच.

कपॅसिटरमध्ये अडकलेला हा चार्ज ग्रिडला आणखी ऋण करून ठेवतो. म्हणजे दीड व्होल्टच्या जागी समजा आठ-दहा. आता व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच. लाटेचं फक्त टोक तेवढं आरपार जातं, आणि दोन टोकांच्या मधल्या वेळात तिच्या अंगावर बसलेले बारीक सूर, ज्यांच्यामुळं गिटार गिटारसारखी वाटते, ते सगळे गिळले जातात. त्यातून भसाभसा आवाज. हात थांबवल्यावर पूर्ण सावरायला व्हॉल्व्हला साठेक मिलिसेकंद लागतात, तोवर विझत चाललेला सूर मधेच तुटतो, फुर्रफुर्र. याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. वरच्या बारीक तारांवरही हे होतं, पण त्यांच्या लाटेची उंची कमी असते म्हणून कपॅसिटर तेवढा भरत नाही. खरा त्रास खर्जाचा, कारण गिटारच्या सिग्नलमध्ये सगळ्यात मोठी उडी खर्जच मारतो. पॉवर व्हॉल्व्हच्या (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडलाही हीच गंमत: फेंडर कंपनीच्या जुन्या बेसमन ॲम्पमध्ये तिथं ०.१ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओहम, गुणाकार करून बघा, परत २२ मिलिसेकंदच. जिम मार्शलच्या लंडनच्या कंपनीनं तीच बेसमनची नक्कल करून १९६२ मध्ये सुरुवात केली, पण पुढच्या मॉडेलांत तिथं ०.०२२ चा कपॅसिटर आला, २२ मिलिसेकंदांचे झाले ५. मार्शल फुल केला तरी घट्ट वाजतो याचं हे एक मोठं कारण.

आकडे वाचून डोकं गरगरलं असेल तर वरचे दोन परिच्छेद सोडून द्या आणि एवढंच ध्यानात ठेवा, की व्हॉल्व्ह फाटायच्या आधी खर्ज कमी करायचा, आणि हवा असेल तर फाटल्यानंतर परत वाढवायचा.

पेडलचं खरं काम इथं सुरू होतं. ट्यूब स्क्रीमर घ्या, १९७९ च्या आसपासचं आयबानेझचं हिरवं पेडल, ज्याच्या नकला आज हजार-दोन हजारांत मिळतात. त्याच्या सर्किटमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी आहे, तिचा हिशेब येतो ७२० हर्ट्झ. त्याच्या खालचे सूर जसजसे उतरत जातात तसतसे कमी वाढतात, खर्ज जवळजवळ होता तेवढाच पुढं जातो, वरचे सूर मात्र ड्राइव्ह (पेडलचा गेन) शून्यावर असतानासुद्धा बारा पट होतात. म्हणजे तुम्ही बटण डावीकडं पूर्ण फिरवलं तरी ते पेडल काम करतच असतं! म्हणून व्हॉल्व्हचा ॲम्प आधीच थोडा कडकडत असेल, तर ड्राइव्ह शून्य किंवा जरासा वर, लेव्हल (पेडलमधून बाहेर पडणारा आवाज) भरपूर, टोन मधोमध. डिस्टॉर्शन व्हॉल्व्हला करू द्या, पेडलनं फक्त खर्ज बारीक करून मधल्या सुरांना धक्का द्यायचा. आवाज एकदम आवळून येतो, बोट किती जोरात मारलं ते ऐकू येतं.

ॲम्प मोठा आणि स्वच्छ आवाजाचा असेल, कितीही वाढवला तरी फाटत नसेल, तर उलटं करावं लागतं. तिथं पेडललाच डिस्टॉर्शन करायचंय, तर रॅट किंवा बॉसचं डीएस-१ असलं पेडल घ्या, गेन हवा तेवढा, पण लेव्हल जपून, पेडल चालू-बंद केलं तर आवाजाची उंची साधारण सारखी राहील एवढीच. आणि ॲम्पचा बेस कुठं आहे ते बघा. बहुतेक फेंडरमध्ये टोनची बटणं पहिल्या टप्प्यानंतर लगेच असतात, म्हणजे तिथला बेस पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन फाटतो, तो २-३ वरच ठेवा. मार्शल पद्धतीत ती प्रीॲम्पच्या (पॉवर व्हॉल्व्हच्या आधीच्या भागाच्या) शेवटी, तिथं बेस वाढवला तरी फार बिघडत नाही. एकाच बटणाला दोन ॲम्पवर दोन वेगळे नियम का, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

आता थोडं भोंदूगिरीबद्दल. व्हॉल्व्ह सम हार्मोनिक देतो म्हणून गोड आणि ट्रान्झिस्टर विषम देतो म्हणून कडू, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले. लाट वरून-खालून सारखी कापली तर विषम, कमीजास्त कापली तर सम पण, मग कापणारा कुणी का असेना. पुश-पुल पॉवर टप्प्यात दोन व्हॉल्व्ह समोरासमोर लावले की सम हार्मोनिक तर एकमेकांना खाऊनच टाकतात, आणि बॉसच्या एसडी-१ मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे साधे तीन डायोड लावून सम हार्मोनिक काढलेत, त्यात व्हॉल्व्ह औषधालाही नाही. काही स्वस्त पेडलांत खिडकीतून व्हॉल्व्ह दाखवतात आणि त्याच्या मागं नारिंगी एलईडी लावतात, म्हणजे तापल्यासारखा दिसावा. बेंजो पार्टीच्या मिक्सरला लिंबू-मिरची बांधतात त्याला आपण हसतो, पण ते निदान दहा रुपयांत होतं, पन्नास वर्षांपूर्वीचा न वापरलेला व्हॉल्व्ह म्हणून दहा-दहा हजार मोजणारे लोक आहेत.

स्पीकरचं एक राहिलं. १२ इंची गिटार स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, आणि पेडल बनवणाऱ्यानं ते धरूनच पेडल बनवलेलं असतं. तेच पेडल गणपतीच्या मंडपात सरळ पीएला (मंडपाच्या साउंड सिस्टिमला) जोडलं तर वरचा सगळा चरचराट उघडा पडतो, त्यामुळं पेडल लाइनमध्ये घालू नका, ॲम्पसमोर माइक लावा.

विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये शेजारी ओरडतात म्हणून ३० वॉटचा विकून १५ चा आणणार असाल तर पैसे वाचवा, निम्मे वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल, शेजाऱ्याला फारसा फरक जाणवणार नाही. पेडल फार जोरात ढकलतंय असं वाटलं तर पहिल्या खोबणीतला १२एएक्स७ काढून १२एवाय७ लावून बघा, त्याचा गुणक १०० च्या जागी ४० च्या आसपास आहे. ॲम्प बंद करून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर. आतल्या सर्किटला मात्र हात घालू नका, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट बसून राहिलेले असू शकतात. स्पीकर न जोडता ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. अमेरिकेहून आणलेला असेल तर तो १२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० ला डायरेक्ट लावला तर संपला.

आणि सगळं सेटिंग करताना ॲम्प पायाशी ठेवून उभं राहू नका. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, ते तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात, तुम्हाला नाही, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवत बसता आणि समोर पहिल्या रांगेत बसलेल्यांचे कान फुटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा नाहीतर मागं रेलून तिरका करा, कान त्याच्या रेषेत आणा, आणि मग टोनच्या बटणाला हात लावा.