पाणतीर सोडणारा कप्तान: ऑगस्टस एगार

५ एप्रिल १९४२, ईस्टरचा रविवार. सकाळी जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले आणि दुपारी सिलोनच्या नैऋत्येला त्यांना दोन ब्रिटिश क्रूझर सापडल्या, डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल. दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, त्यामुळे आपल्याकडे तो आठवडा त्यासाठीच लक्षात राहिला. डॉर्सेटशायरवर कप्तान कोण होता, हे सहसा कोणी सांगत नाही. ऑगस्टस एगार. व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी, आणि जन्म सिलोनचाच.

कँडीत १८९० साली आयरिश चहामळेवाल्याच्या घरी जन्मलेलं हे तेरावं अपत्य. आईबाप लवकर गेले आणि पोरगं नौदलात आलं. पहिल्या महायुद्धात त्याने गॅलिपोली पाहिली, उत्तरेचा श्वेत समुद्र पाहिला. पण नाव झालं ते युद्ध संपल्यावर.

१९१९ साली ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख मॅन्सफील्ड कमिंग यांनी एगारला चाळीस फुटी दोन मोटारबोटी देऊन फिनलंडमधल्या तेरियोकी बंदरात पाठवलं. काम एवढंच, रशियातल्या पेट्रोग्राडमधल्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) पॉल ड्यूक्स या ब्रिटिश हेराकडे निरोप्यांची ने-आण करायची. त्याच सुमारास जवळच्या क्रास्नाया गोर्का किल्ल्याने बोल्शेविकांविरुद्ध, म्हणजे रशियाच्या कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध बंड केलं आणि त्यांच्या युद्धनौका किल्ल्यावर तोफा डागू लागल्या. हे समोर घडत असताना बोटीवर पाणतीर (टॉर्पेडो) असूनही गप्प बसणं एगारला जमलं नाही.

एवढ्याशा बोटीला पाणतिराची नळी कुठून असणार? तो ठेवायचा मागच्या बाजूच्या पन्हळीत, आणि काडतुसाच्या धक्क्याने शेपटाकडून पाण्यात ढकलायचा. पाण्यात पडला की तो बोटीच्याच दिशेने धावत सुटतो, म्हणजे सोडणाऱ्याने पुढच्या क्षणी सुकाणू फिरवून त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. १७ जूनच्या रात्री एक बोट वाटेतच नादुरुस्त झाली. दुसरीत एगारसह तिघं. ऐन वेळी काडतूस आपोआप उडालं. शत्रूच्या विनाशिकांच्या मधोमध बोट थांबवून नवं काडतूस भरायला वीसेक मिनिटं गेली. मग पूर्ण वेगाने आत घुसून त्यांनी ओलेग ही क्रूझर बुडवली.

कामगिरी गुप्त, त्यामुळे ऑगस्टमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तेव्हा तो नेमका कशासाठी हे छापलंच नाही. त्याच महिन्यात बोल्शेविकांच्या क्रोनश्टाट बंदरावरच्या छाप्यात इतर बोटींना वाट दाखवल्याबद्दल डीएसओ हे पदकही मिळालं.

पुढची वीस वर्षं शांततेतल्या नोकरीची. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा एगार एमराल्ड या क्रूझरचा कप्तान होता. ऑक्टोबर १९३९ मध्ये वीस लाख पौंडांचं सोनं घेऊन तो कॅनडात हॅलिफॅक्सला गेला. १९४० मध्ये जुन्या टँकरांत इंधन भरून जर्मन आक्रमणाच्या बोटी पेटवायची योजना त्याच्याकडे आली. टँकरच इतके जुनाट की ती बारगळली. १९४१ मध्ये डॉर्सेटशायर मिळाली. बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवर अखेरचे पाणतीर सोडणारी हीच नौका, पण तेव्हा कप्तान दुसरा होता.

ओलेगवर चालून जाताना एगार लहान बाजूला होता. आता, १९४२ च्या त्या ईस्टरला, तो मोठ्या नौकेवर होता आणि वरून येत होती ५३ बुडी मारणारी बॉम्बफेकी विमानं. सूर्याच्या बाजूने आली. आठेक मिनिटांत डॉर्सेटशायर पाण्याखाली गेली. दोन्ही नौकांवरचे चारशेहून अधिक लोक मेले. वाचलेले अकराशेवर खलाशी तेलाने माखलेल्या पाण्यात, तळपत्या उन्हात तीस तासांहून जास्त तरंगत होते. जखमींना होत्या त्या होड्यांत घातलं, बाकीचे लाकडांना धरून राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एंटरप्राइझ ही क्रूझर आणि दोन विनाशिकांनी त्यांना उचललं.

ते तेल शरीरात गेल्यामुळे एगारच्या फुप्फुसांना इजा झाली आणि समुद्रावरची नोकरी संपली. पुढे तो ग्रिनिचच्या नौदल महाविद्यालयाचा प्रमुख झाला, निवृत्तीनंतर हॅम्पशायरमध्ये स्ट्रॉबेरी पिकवत राहिला. १९६८ च्या डिसेंबरात वारला. ती चाळीस फुटी बोट इंग्लंडमध्ये अजून जपून ठेवलेली आहे.